वरची बाग, खालची बाग: हापूसमधल्या साक्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हापूस बागेचे आहे, २०२२ आणि २०२३ या दोन हंगामांतले. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. थोरल्या बागायतदारांना इथे अण्णा म्हणतो. कोकणात दर तिसऱ्या घरात एक अण्णा असतातच, त्यामुळे कुणाची ओळख उघड होण्याची भीती नाही. माझा संबंध सल्लागार म्हणून आला, तोही तक्रारी सुरू झाल्यावर.

बागेचे दोन तुकडे आहेत. खालची बाग घराच्या मागे, खोल मातीची. जुनी, पसरलेली कलमे आणि त्यांच्या खाली वर्षानुवर्षांचा पातेरा, म्हणजे गळलेला पाला. वरची बाग सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. अण्णांच्या वडिलांनी जांभ्या कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमे लावली. झाडांच्या मधली जागा उघडा कातळ. पावसाळ्यात तिथे तेरडा फुलतो, मार्चमध्ये अनवाणी पाय ठेवता येत नाही. दोन्हीकडची कलमे एकाच जातीची, खते तीच, फवारणीचे वेळापत्रकही तेच.

पूर्वी सगळा माल पेट्या भरून वाशीला दलालाकडे जायचा. करोनाच्या काळात धाकट्या मुलाने पुण्यातल्या ग्राहकांना थेट घरपोच आंबा द्यायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपवर त्याने एक ओळ टाकली होती: ‘झाडावरच पूर्ण तयार झालेला हापूस.’ भाव चांगला मिळाला, ग्राहक वाढले. पुढे सगळी भानगड झाली ती या एका ओळीपायी.

अडचण

२०२२ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धाकट्याच्या फोनवर कापलेल्या आंब्यांचे फोटो येऊ लागले. बाहेरून फळ केशरी, वास घरभर, साल नितळ. आत कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा चिवट भाग, मधे पोकळी, चव आंबट. म्हणजे साका.

साका कोकणाला नवा नाही. १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यातून हापूस युरोपला पाठवायचे प्रयोग झाले, तेव्हाच्या अहवालात चीमा आणि दाणी यांनी त्याची नोंद केली आहे. हापूसच्या साधारण ३० टक्के फळांत तो सापडतो, हा आकडा शास्त्रीय लिखाणात वारंवार येतो. तरी अण्णांना तो इतका कधी जाणवला नव्हता. याचे कारण बागेत नाही, बाजारात होते. दलालाच्या साखळीत साक्याचा आंबा चार हात बदलून शेवटच्या माणसाच्या ताटात उघडतो, आणि त्या माणसाकडे बागायतदाराचा नंबर नसतो. थेट विक्रीत तो असतो.

अण्णांचे पहिले म्हणणे असे, की हे औषधाचे काम, कुठलीतरी बुरशी असणार. धाकट्याचे म्हणणे, की पुण्यापर्यंत गाडीत उष्णतेने झाले असेल. मी गेलो तेव्हा दोघांचे बोलणे जेमतेम चालू होते.

फळाच्या आत काय चालले होते

पडवीत आढीतली, म्हणजे पेंढ्यात रचून ठेवलेली, पिकलेली फळे काढली. वरच्या बागेची ४०, खालच्या बागेची ४०. वहिनींनी विळीवर एकेक कापले. वरच्या बागेच्या ४० पैकी १५ फळांत साका, खालच्या ४० पैकी ६ मध्ये. पुण्याच्या गाडीवरचा आळ तिथेच संपला, कारण या फळांनी घर सोडलेच नव्हते.

मग प्रथमोपचाराच्या डब्यातले टिंक्चर आयोडिन घेतले आणि साक्याच्या एका कापावर चमच्याने पसरवले. मिनिटभरात पांढरट भाग शाईसारखा निळा-काळा झाला. त्याला लागून असलेला केशरी गर मात्र केशरीच राहिला, वर फक्त आयोडिनची पिवळी छटा. शेजारी कच्च्या बटाट्याची चकती ठेवून तिच्यावरही थेंब टाकला, तीही तशीच काळी पडली. अण्णा दोन्ही चकत्या उचलून उजेडात घेऊन गेले.

“म्हणजे एवढा भाग पिकलाच नाही?”

“पिकायला सुरुवातच झाली नाही, अण्णा. बाकीचा आंबा पिकला, हा मागे राहिला.”

झाडावर तयार होणाऱ्या कैरीत पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठत जातो. फळ पिकू लागले की अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, हा स्टार्च फोडते. इन्व्हर्टेज साखरेचे आणखी विघटन करते. आम्ल खर्च होत जाते, कॅरोटिन तयार होऊन केशरी रंग चढतो, पेशींच्या भिंती सैलावून गर मऊ होतो. साक्याच्या भागात अमायलेज आणि इन्व्हर्टेज या दोन्हींची क्रिया मंद आढळते. त्यामुळे स्टार्च तसाच राहतो (आयोडिनने काळा पडला तो हाच), आंबटपणा उतरत नाही, रंग चढत नाही. फोटोतल्या प्रत्येक दोषामागे एकेक अडलेली रासायनिक पायरी आहे. बुरशी किंवा जिवाणू यात कुठेच नाही, म्हणून बुरशीनाशकाने तो जात नाही.

पायऱ्या का अडतात, याबद्दल दोन विचार आहेत. जुना विचार उष्णतेचा: तापलेल्या जमिनीतून वर येणारी हवा फळाला आतून तापवते आणि विकरांचे काम बिघडते. जमिनीलगतची फळे, उघड्या जमिनीवरची झाडे आणि काढल्यावर उन्हात राहिलेला माल यांत साका जास्त दिसतो, ते याच्याशी जुळते. दुसरा विचार बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतल्या रवींद्र आणि शिवशंकर यांनी २००४ पासून मांडला. आंब्याच्या बीला सुप्तावस्था नसते. धान्यासारखी वाळून ती वाट बघत बसत नाही. फळ झाडावर फार दिवस राहिले की आतली कोय अंकुरायच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गरातले पाणी ओढू लागते. तो गर मग पिकण्याच्या वाटेवरून बाजूला पडतो. साका नेहमी कोयीकडून बाहेर का पसरतो आणि मोठ्या, जास्त तयार फळांत जास्त का सापडतो, याचे उत्तर या विचारात आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये दिलेली ‘सिंधू’ ही जात इथे पुराव्यासारखी उभी राहते: कोय अगदी नावापुरती, आणि साकाही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने २०१९ मध्ये साक्याच्या गरातल्या रेणूंचा अभ्यास छापला, त्यात ऑक्सिडीकरणाच्या ताणाच्या खुणा दिसतात.

माझ्या मते हे दोन विचार एकमेकांच्या विरोधात नाहीत. उष्णता फळाला लवकर तयार करते आणि कोयीलाही घाई करते. अण्णांच्या वरच्या बागेत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या: कातळाची आच, आणि ‘झाडावरच पूर्ण तयार’ या शब्दापायी आठवडाभर जास्त लटकवलेले फळ. त्यात हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२२ चा मार्च हा देशाच्या १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च होता. वरच्या बागेत दुपारी दोन वाजता हातातल्या तापमापकाने उघड्या कातळाचे तापमान ५३ अंश दाखवले. त्याच वेळी खालच्या बागेत पातेऱ्यावर ३७ होते.

समोर असलेले पर्याय

२०२३ च्या हंगामाआधी, डिसेंबरात मोहोर बघत आम्ही तिघे बसलो. पाच गोष्टी टेबलावर होत्या.

पहिली, काढणी अलीकडे आणणे. कोकणात फळाची तयारी आण्यांत मोजतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार. चौदा आण्यांवर फळ उतरवावे हा जुन्या जाणत्यांचा नियम, आणि ८० ते ८५ टक्के तयारीला काढणी करा ही शास्त्रीय शिफारसही त्याच्या आसपासच येते. धाकट्याचा विरोध याच मुद्द्यावर होता. त्याच्या गिऱ्हाइकांना त्याने सोळा आण्यांचा शब्द दिला होता. अण्णांना नियम ठाऊक होता, पण गेली दोन वर्षे त्यांनी मुलाचे ऐकले होते. ते म्हणाले, “आमच्या बापाने कधी सोळा आणे ठेवला नाही. साका व्हायचा, पण असा नाही.” मला वाटते हे वाक्य त्यांनी २०२२ मध्येच बोलायला हवे होते. घरातल्या घरात मात्र असे बोलणे जड जाते.

दुसरी, वरच्या बागेत झाडाखाली गवत आणि पातेऱ्याचे आच्छादन. कागदावर हा सगळ्यात स्वस्त उपाय. प्रत्यक्षात सड्यावर फेब्रुवारीपासून वणव्याची भीती. अण्णा सरळ म्हणाले, की वाळके गवत पसरायचे म्हणजे वणव्याला पाट मांडून द्यायचा. मी आधी हा मुद्दा हलक्यात घेतला होता, हे कबूल करायला हवे. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या सड्यावरची कलमे जळालेली त्यांनी मला नेऊन दाखवली.

तिसरी, बेंगळुरूच्याच संस्थेने काढलेले ‘अर्का साका निवारक’. फळ अर्धे तयार असताना झाडावरच एकदा द्रावणात बुडवायचे. हे कोयीच्या विचारातून आलेले आहे आणि मला ते पटते. पण अण्णांची कलमे उंच. शिडीवरून एकेक फळ बुडवायला लागणारे गडी मार्चमध्ये मिळत नाहीत. ठेंगण्या, घन लागवडीच्या बागेत ते वेगळे ठरेल.

चौथी, कॅल्शियम आणि बोरॉनची फवारणी. तालुक्याच्या दुकानदाराने सुचवलेली. पानांवर मारलेले कॅल्शियम फळात फारसे पोहोचत नाही, आणि तेवढ्यासाठी एक फवारा वाढवायचा खर्च मला पटत नव्हता. मी नको म्हटले. अण्णा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला मेमध्ये कळला.

पाचवी, काही झाडांवर ‘रत्ना’चे डोळे बांधणे. नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीने १९८१ मध्ये दिलेली ही जात साक्यापासून मुक्त आहे. पण २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नावाचे वजन आणखी वाढले आहे. रत्ना हापूस म्हणून विकता येत नाही आणि अण्णा तसे करणारही नाहीत. हा विषय पाच मिनिटांत संपला.

काय केले

काढणीचा निर्णय पक्का झाला: दोन्ही बागांत चौदा आणे. त्यासाठी खुणा ठरवल्या. देठाजवळ खळगा पडून खांदे देठाच्या वर आलेले हवेत, गडद हिरवी साल फिकी पडायला लागलेली हवी. शंका आली तर बादलीतले पाणी होतेच: कोवळे फळ तरंगते, तयार फळ बुडते. बुडालेल्या फळात साका नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. बाहेरून साका दाखवील असे साधन एक्स-रेसारखेच असते, ते बागेत नसते.

काढणी सकाळी साडेदहापर्यंतच. झेल्याने, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या अवजाराने, थोडा देठ ठेवून. क्रेट झाडाच्या सावलीत, कातळावर नाही. हे ऐकायला साधे वाटते, पण आधीच्या वर्षी काढलेला माल टेम्पो येईपर्यंत दोन-दोन तास उघड्या कातळावर पडून असे. गडी म्हणायचे, सावली टेम्पोपासून लांब पडते.

आच्छादनाची तडजोड अशी झाली. वरच्या बागेतल्या रस्त्याकडच्या दोन ओळी सोडून बाकी झाडांखाली गवत आणि पातेरा पसरला. बागेच्या कडेने दहा फुटांचा पट्टा जानेवारीतच गवत काढून साफ केला. पाण्याच्या दोन टाक्या भरून ठेवल्या. फेब्रुवारीत हवामान विभागाने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, तेव्हा अण्णांचा फोन आला: “गवत राहू दे की काढू?” मी म्हटले राहू दे. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे एप्रिलमध्ये पलीकडचा सडा खरोखरच पेटला, आणि बापलेक पहाटेपर्यंत हातात हिरव्या फांद्या घेऊन पट्ट्यावर उभे राहिले. पट्टा टिकला.

न झाकलेल्या दोन ओळी तुलनेसाठी होत्या. त्यांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये, वेगळ्या आढीत ठेवायचे ठरले होते.

ग्राहकांना पाठवायचा मजकूर धाकट्याने स्वतः बदलला. ‘झाडावरच पूर्ण तयार’ गेले. त्याऐवजी आले: ‘चौदा आण्यांवर उतरवलेला, पेंढ्याच्या आढीत पिकवलेला. आत साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढी फळे पुढच्या पेटीत भरून देऊ.’

निकाल

२०२३ च्या मेमध्ये पुन्हा पडवीत कापणी झाली. वरच्या बागेच्या ५० फळांपैकी ८ मध्ये साका, खालच्या ५० पैकी ५ मध्ये. फोटो पाठवणारे ग्राहक आदल्या वर्षीच्या मानाने इतके कमी, की धाकट्याने भरपाईसाठी बाजूला ठेवलेल्या पेट्या शेवटी विकून टाकल्या.

पण दुसऱ्याच तक्रारी आल्या. पहिल्या तोडीची फळे सुरकुतली, चव पाणचट लागली. अक्षय्य तृतीयेच्या मागणीसाठी धाकट्याने वरच्या बागेतून बारा आण्यांचाही माल उतरवून घेतला होता. चौदाची परवानगी मिळाली की बाराकडे घसरायला वेळ लागत नाही, आणि चढा भाव सुरुवातीलाच असतो. साक्यातून सुटण्यासाठी कोवळ्यात शिरायचे, हे बाजारात सर्रास चालते. सुरकुतलेल्या फळाला साका नसतो, पण गोडीही नसते, कारण स्टार्च पुरता भरायच्या आतच ते झाडापासून तुटलेले असते. आढीत कितीही ठेवले तरी जे साठलेच नाही त्याची साखर होणार कशाची?

आता आच्छादनाने किती फरक पडला? सांगता येत नाही, आणि दोष माझा आहे. न झाकलेल्या दोन ओळींचा माल गड्यांनी दुसऱ्याच दिवशी इतर क्रेटमध्ये मिसळला. क्रेटवर खडूने लिहिले होते आणि तो खडू पुसला गेला. शिवाय मेमध्ये जेवताना वहिनींच्या तोंडून सहज निघाले, की ‘ते कॅल्शियम मारलं तेव्हा’ पंप बिघडला होता. अण्णांनी वरच्या बागेत दोन फवारे उरकले होते. मला सांगितले नव्हते, कारण मी नको म्हटले होते. त्यात २०२३ ला मोहोर उशिरा आला आणि फळ लहान राहिले. लहान फळात साका तसाही कमी असतो.

म्हणजे वरच्या बागेत चाळिसात १५ वरून पन्नासात ८ वर येण्यात लवकर काढणीचा वाटा असणार, सावलीतल्या क्रेटचा असणार, गवताचा असेल, फळाच्या आकाराचा असेल. कॅल्शियमचा नसावा असे मला वाटते. अण्णांना तो असावा असे वाटते. आमच्या दोघांच्या हातात त्याबद्दल सारखाच पुरावा आहे, म्हणजे काहीच नाही.

पुन्हा करायचे झाले तर

सगळ्यात आधी मी तुलनेची झाडे रंगाच्या पट्ट्याने खोडावरच खुणावली असती. क्रेटवरच्या खडूवर भरवसा ठेवणे हे शहरातल्या माणसाचे काम झाले. प्रत्येक तुकड्यात किमान सहा झाडे, आणि काय बदलायचे ते एका वेळी एकच. आम्ही काढणी, क्रेटची जागा आणि आच्छादन एकाच हंगामात बदलले. बागायतदाराच्या बाजूने ते बरोबर होते, त्याला हंगाम वाचवायचा होता. शिकायच्या दृष्टीने चूक होती.

दुसरे, अण्णांना कॅल्शियमसाठी नको न म्हणता दहा झाडे देऊन टाकली असती. ‘इथे मारा, बाकी ठिकाणी नको, आणि मेमध्ये दोन्हींचे आंबे कापून बघू.’ चाळीस हंगाम पाहिलेल्या माणसाला नकार दिला की तो ऐकत नाही, लपवून करतो. मी ताडायला हवे होते. गप्प राहणारा कोकणी माणूस सहमत झालेला नसतो.

तिसरे, तयारीची खूण एका माणसाच्या हातात ठेवली असती. अण्णा फळ बघून आणे सांगतात, धाकटा मागणी बघून. पहिल्या तोडीच्या सकाळी अण्णा लग्नाला गेले होते.

कातळावरचे तापमान मी दोनच दुपारी मोजले. डिसेंबरपासून मेपर्यंत दोन्ही बागांत, जमिनीलगत आणि फांदीच्या उंचीवर, एकेक साधा तापमापक टांगून वहिनींना वहीत रोज दोन वाजताचा आकडा लिहायला सांगितले असते, तर पन्नास फळांच्या कापणीला आधार मिळाला असता. वहिनी दुधाचा हिशोब तसाही रोज लिहितात.

२०२४ च्या जानेवारीत मी वरच्या बागेत गेलो तेव्हा सहा कलमांच्या खोडांना निळा ऑइलपेंट होता, दुसऱ्या सहांना पांढरा. मी काही बोललो नव्हतो. निळ्यांखाली गवत होते, पांढऱ्यांखाली नुसता कातळ. पलीकडे आणखी चार झाडांना लाल पट्टा दिसला, म्हणून विचारले.

“ती माझी कॅल्शियमची,” अण्णा म्हणाले. “तुम्ही त्यांच्याकडे बघू नका. मेमध्ये विळी घेऊन या.”